दिवाळीचा फराळ आणि हॉस्टेलवरचे कामगार

प्रेषक: मनीषा (कार्यवाह)
विषय: हॉस्टेलवर फराळ, हात हवेत

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाला जोडून इथे मलेशियात क्लांगजवळच्या एका कामगार हॉस्टेलवर फराळाची पाकिटं द्यायचं कार्यकारिणीत ठरलंय. साधारण २०० कामगार मुलं आहेत, निम्मी नेपाळी, निम्मी बांगलादेशी. चिवडा, चकली, शंकरपाळे आणि एकेक टॉवेल. सगळं शाकाहारी, त्यामुळे कोणाची अडचण नाही. गाड्या हव्यात, पाकिटं भरायला माणसं हवीत. आपापल्या घरच्या मुलांनाही घेऊन या, त्यांना कळेल इथे कोण कसं राहतं ते.

फोटो काढायचं कोण बघेल?

मनीषा

---

प्रेषक: अनघा (शाह आलम)
विषय: उत्तर: हॉस्टेलवर फराळ, हात हवेत

मनीषा, माझी गाडी धर. चकल्याही मी करते. फोटो मात्र नकोत, आणि मुलांना तिथे ‘दाखवायला’ नेऊही नकोस. ती माणसं दमून आलेली असतात, अर्धी तर बनियनवर असतात. कोणाच्या घरी सांगून न जाता कॅमेरा घेऊन शिरलो असतो का आपण?

मी परदेशी ग्राहक कंपन्यांतर्फे कारखान्यांची तपासणी करते हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. हातमोजे, प्लास्टिकचे सुटे भाग, इलेक्ट्रॉनिक्स. त्यामुळे अशी हॉस्टेलं पोटभर पाहिली आहेत. हार्डवेअरच्या दुकानावरचा दुसरा-तिसरा मजला, जिन्यात चपलांचा ढीग, आत लोखंडी दुमजली खाटा. खाटेला चारी बाजूंनी चादर बांधलेली असते, तेवढीच काय ती स्वतःची खोली. एका प्लगला सहा चार्जर. पाच-सहा जणांत मिळून एक राइस कुकर, त्यांचा हिशेब भिंतीवर पेन्सिलीने. सकाळची बस साडेसहाला येते आणि तिच्यातूनच रात्रपाळीवाले उतरतात. जिथे मालकाने खाटा वाचवल्या आहेत, तिथे एक उठला की दुसरा त्याच गादीवर आडवा होतो. गादी गार व्हायलासुद्धा वेळ मिळत नाही.

आणि हे सगळं कायद्याविरुद्ध आहे बरं का. कामगारांच्या निवासाचा १९९० चा कायदा आहे, सगळे त्याला क्रमांकावरून ‘४४६’ म्हणतात. तो २०१९ मध्ये सुधारला आणि २०२० पासून कारखान्यांच्या हॉस्टेलांना लागू झाला. माणशी झोपायला निदान ३ चौरस मीटर जागा, स्वतंत्र खाट, चार इंच जाडीची गादी, उशी, पांघरूण आणि कुलूप लागणारं कपाट. कपाटाचं मापसुद्धा लिहिलंय, ३५ बाय ३५ सेंटीमीटर, उंची ९०.

हे कपाट माझ्या फार कामाचं आहे. तपासणीची तारीख कारखान्याला आधीच कळवलेली असते, त्यामुळे आम्ही जातो तेव्हा फरशी ओली, फिनाइलचा वास आणि प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट. मग मी एखाद्याला म्हणते, “भाऊ, तुझं कपाट उघडून दाखव.” तो किल्ली लावतो, लागत नाही. दुसरी लावतो. आदल्या रात्री वाटलेली किल्ली कोणत्या कुलपाची हेच त्याला ठाऊक नसतं. पासपोर्टच्या पाठीवर अनुक्रमांकाचं छोटं स्टिकर असतं, ऑफिसच्या कपाटात लावून ठेवायला सोपं जावं म्हणून. आम्ही गेलो की संध्याकाळी सगळे पासपोर्ट परत गोळा.

पासपोर्ट कोणाकडे असतो, असं विचारलं तर पाठ केलेलं उत्तर येतं. म्हणून मी विचारते, “आई आजारी आहे असा फोन आला तर गावी जायला काय करावं लागेल?” मग खरं बाहेर पडतं. अर्ज द्यायचा, सुपरवायझरची सही आणायची, अनामत रक्कम भरायची, आणि परत येईन म्हणून दोन मित्र जामीन ठेवायचे. एका मुलाने हे सांगितलं आणि लगेच दाराकडे पाहिलं. अहवालात त्याच्या बोलण्यातलं काही जसंच्या तसं घातलं नाही, नाहीतर कोण बोललं ते तासाभरात शोधून काढलं असतं.

पाकिटं जरूर देऊ. पण या यादीवर निम्मे लोक प्लांटमध्ये, खरेदी विभागात किंवा एचआरमध्ये आहेत. आपण ज्या खुर्च्यांवर बसतो तिथून चकलीपेक्षा बरंच काही देता येतं, एवढंच म्हणते.

अनघा

---

प्रेषक: श्रीकांत (पेनांग)
विषय: उत्तर: उत्तर: हॉस्टेलवर फराळ, हात हवेत

अनघाताई, मेल वाचली. थोडी एकतर्फी वाटली म्हणून लिहितो.

बावीस वर्षं कारखाना चालवतोय. या मुलांना कोणी हात धरून आणलेलं नाही. गावी मिळेल त्याच्या कितीतरी पट कमावतात, घरं बांधतात, बहिणींची लग्नं करतात. परदेशी कामगार ठेवल्याबद्दल सरकारला माणशी १,८५० रिंगिट वार्षिक लेव्ही कंपनी भरते, कामगार नाही. पासपोर्टचं म्हणाल तर हॉस्टेलवर चोऱ्या होतात, ‘सर तुम्हीच ठेवा’ असं तेच म्हणतात. ढाक्यात कुठल्या दलालाने किती घेतले ते मला इथे बसून कसं कळणार? आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, कमी केला की तेच ऑफिससमोर येऊन उभे राहतात. तपासणीवाले येतात, शेरे मारून जातात. ग्राहक मात्र दरवर्षी भाव पाच टक्के कमी मागतो. त्याची तपासणी कोण करतं?

फराळासाठी माझ्याकडून ५०० रिंगिट.

श्रीकांत

---

प्रेषक: सावंतकाका
विषय: गिरणगावची आठवण

श्रीकांत, अनघा, दोघांनाही आशीर्वाद.

माझे वडील मालवणहून लालबागला गिरणीत लागले. दहा बाय बाराच्या खोलीत गावचे वीसेक गडी, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवण खानावळवाल्या बाईंकडे. म्हणजे गादी गार न होणं आमच्याही घरात झालेलं आहे. पण बाबा गणपतीला कोणाला न विचारता कोकणात जायचे. एका गिरणीत मुकादमाशी वाजलं तर दुसऱ्या गिरणीच्या दारात बदली म्हणून उभे राहायचे. या पोरांना तसं करता येतं का? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतो.

रविवारची सुट्टीसुद्धा मालकांनी आपणहून दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांनी कित्येक वर्षं मागितली, तेव्हा १० जून १८९० ला मिळाली.

फराळ भरायला मी येतो. उभं राहवत नाही, खुर्ची ठेवा.

---

प्रेषक: अनघा (शाह आलम)
विषय: उत्तर: गिरणगावची आठवण

काका, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. नाही येत करता. त्यांचा कामाचा पास, म्हणजे परवाना, एका मालकाच्या नावाने असतो. तिथून बाहेर पडलं की मालक ‘पळाला’ म्हणून कळवतो आणि माणूस बेकायदा ठरतो. युनियनचं सभासद होता येतं, पदाधिकारी होता येत नाही. हॉस्टेलची गर्दी, डास, बेचव भात हे सगळं माणूस सहन करतो, कारण दार आतून उघडत नाही.

श्रीकांतराव, ओटीचं तुमचं म्हणणं खरं आहे, ते ओटी मागतातच. पण का मागतात त्याचा हिशेब मांडू. किमान वेतन १,७०० रिंगिट. २६ दिवस, ८ तास धरले तर तासाला ८.१७, ओटीचा दर दीडपट म्हणजे १२.२५ च्या आसपास. महिन्याला कायद्याने जास्तीत जास्त १०४ तास ओटी, त्याचे झाले साधारण पावणेतेराशे. म्हणजे एकूण पगाराचा दोन पंचमांशाहून अधिक भाग ओटीचा. आता कर्ज. बांगलादेश सरकारने मलेशियाला यायचा खर्च ७८,९९० टाका ठरवून दिला होता. प्रत्यक्षात मुलं चार-साडेचार लाख सांगतात. साडेचार लाख म्हणजे आठ-दहा महिन्यांचा मूळ पगार, जेवणखाण आणि सावकाराचं व्याज सोडून. हे डोक्यावर असताना कोण म्हणेल की मला रविवार हवा?

दलालाचं तुम्हाला कळत नाही, हेही मान्य. पण विचारलं तर कळतं. टॉप ग्लोव्ह या हातमोज्यांच्या कंपनीचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने त्यांच्या दोन उपकंपन्यांचा माल अडवला, सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून. त्याच नोव्हेंबरात क्लांगच्या हॉस्टेलांमध्ये करोना असा पसरला की २८ कारखाने टप्प्याटप्प्याने बंद करायची वेळ आली. तोवर ‘दलालांचं आम्हाला काय ठाऊक’ हेच सगळ्या उद्योगाचं उत्तर होतं. माल बंदरात अडकल्यावर मात्र हिशेब झाला, दहा हजारांहून अधिक कामगारांना भरतीचे पैसे परत केले गेले, १३ कोटी रिंगिटहून जास्त. सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. तेव्हा जमलं, याचा अर्थ आधीही जमलं असतं.

पासपोर्ट सांभाळायलाच घेतला असेल तर प्रत्येकाला कुलुपाचा खण आणि त्याची किल्ली द्या. रात्री दोनला काढावासा वाटला तरी त्याला काढता आला पाहिजे. दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवणं इथल्या १९६६ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, कितीही प्रेमाने ठेवला तरी.

ग्राहक भाव पाडतो, त्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने. कामगारांकडून भरतीचे पैसे घेऊ नका असं आचारसंहितेत लिहायचं आणि ते पैसे धरून भाव द्यायचा नाही, हा ढोंगीपणा मी माझ्या वरिष्ठांनाही ऐकवला आहे. त्यांना आवडलं नाही.

अनघा

---

प्रेषक: रूपाली (पेनांग)
विषय: उत्तर: उत्तर: गिरणगावची आठवण

फक्त मुलं-मुलं चाललंय म्हणून लिहिते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बायका भरपूर आहेत, इंडोनेशिया, नेपाळ, व्हिएतनामच्या. पासच्या अटींत इथे लग्न करायला बंदी आहे. वैद्यकीय तपासणीत गरोदर निघाली की पास वाढत नाही, परत पाठवतात. मी एचआरमध्ये असताना एकीला असं विमानात बसवलं होतं. सह्यांचे कागद मीच पुढे केले. ती एकच विचारत होती की राहिलेल्या ओटीचे पैसे मिळतील ना. तेवढे मिळवून दिले, आणि त्यासाठीही भांडावं लागलं.

मनीषा, टॉवेलऐवजी सॅनिटरी पॅड देता आले तर बायकांच्या हॉस्टेलवरही जाऊ.

---

प्रेषक: मनीषा (कार्यवाह)
विषय: थोडे बदल

फोटो रद्द. मुलं आली तर पाकिटं भरायला येतील, हॉस्टेलवर नाही. नेपाळी मुलांचा तिहार त्याच दिवसांत असतो आणि संध्याकाळी त्यांचा देउसी-भैलोचा कार्यक्रम आहे, तेव्हा वेळ त्यांना विचारून ठरवतेय. रात्रपाळीची पाकिटं वेगळी काढून ठेवायची आहेत.

पाकिटात कामगार खात्याच्या तक्रारीचा नंबर नेपाळी आणि बंगालीत छापून टाकावा असं दोघांनी सुचवलं. अनघाचं म्हणणं, वॉर्डन पाकिटं उघडून बघतो आणि चिठ्ठी सापडली तर त्रास मुलांनाच. त्यापेक्षा क्वालालंपूरला कोटाराया आणि जालान सिलांगच्या दुकानांत ती चिठ्ठी ठेवू. रविवारी सगळे पैसे पाठवायला आणि सिम घ्यायला तिथेच जमतात. छपाईचं सावंतकाकांचे चिरंजीव बघतायत.

श्रीकांतराव, ५०० मिळाले, पावती पाठवते.

---

प्रेषक: प्रसाद (जोहोर)
विषय: जरा तातडीचं आहे

अनघाताई, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. गावाकडून फोन आला होता. नांदेडकडचा एक मुलगा, आयटीआय झालेला. एजंटाने दीड लाख घेतले, ‘मलेशियाला आता व्हिसाच लागत नाही’ म्हणाला आणि पाठवून दिलं. इथे एका पॅकिंगच्या कारखान्यात लावलंय. दोन महिने झाले, पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे. आज ‘पोलिसांत जातो’ म्हणतोय. जाऊ देऊ का?

---

प्रेषक: अनघा (शाह आलम)
विषय: उत्तर: जरा तातडीचं आहे

एकट्याला अजिबात जाऊ देऊ नकोस. डिसेंबर २०२३ मध्ये नोकरीच न मिळालेले १७१ बांगलादेशी जोहोरमध्येच, पेंगेरांगला, तक्रार द्यायला पोलीस ठाण्याकडे चालत निघाले होते. तक्रार राहिली बाजूला, त्यांनाच ताब्यात घेतलं.

व्हिसा लागत नाही हे ३० दिवस फिरायला येण्यापुरतं खरं आहे, १ डिसेंबर २०२३ पासून. कामाला नाही. त्याची मुदत उलटली आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत तोच गुन्हेगार. निदान १०,००० रिंगिट दंड, ५ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण पासपोर्ट काढून घेतलाय आणि पगार दिलेला नाही, म्हणजे मानवी तस्करीविरोधी कायद्याखाली तो पीडितही ठरू शकतो. कोणत्या बाजूने मोजला जाईल हे पहिल्यांदा कोणाबरोबर आणि कुठे जातो यावर बरंच ठरतं. म्हणून आधी क्वालालंपूरचं भारतीय उच्चायुक्तालय. तिथे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. पासपोर्ट नसेल तर परतीपुरतं प्रमाणपत्र ते देतात आणि अगदीच पैसे नसतील तर तिकिटासाठी समाज कल्याण निधीतून मदत मागता येते. घरच्यांना भारत सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवायला सांग, आजच.

नांदेडला दुसरं काम. त्या एजंटाकडे परवाना आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघायला सांग. परवाना असलेल्यालाही ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दीड लाखांची पावती नसेलच, पण फोन पे केलं असेल तर त्याची नोंद आहे. ती घेऊन तिथल्या पोलीस ठाण्यात जा म्हणावं. एजंट फोनवर गोड बोलून पैसे परत करतो म्हणेल, तरी तक्रार मागे घ्यायची नाही. त्याने आणखी किती जणांना पाठवलंय कोण जाणे.

मुलाचं नाव, कारखान्याचं नाव, फोन यातलं काहीही या यादीवर टाकू नकोस. त्याच्याकडून हाजिरीचा कागद, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, तिकीट, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो, जे असेल ते मागव आणि त्याच्या फोनवरून पुसून टाकायला सांग. कारखान्यात कोणाला काही बोलायचं नाही, पगाराचा तगादाही लावायचा नाही. मी रात्री नऊनंतर मोकळी आहे, फोन कर.

अनघा