मदत हवी आहे: नायट्रसच्या दुसऱ्या खेपेनंतर तीन नंबरच्या प्लगवर चकाकणारे ठिपके

नमस्कार मंडळी,

गाडी छोटी हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही. इंजिनाला आजवर कुणी हात लावलेला नाही, एअर फिल्टरसुद्धा कंपनीचाच आहे. ओळखीतल्या एकाकडून नायट्रसचा (नायट्रस ऑक्साइड, ताकद वाढवायला इंजिनात सोडतात तो वायू) वापरलेला वेट किट मिळाला, म्हणजे नायट्रससोबत जादा पेट्रोलही त्याच नोझलमधून येतं तो प्रकार. त्यात ३५ हॉर्सपॉवरचे जेट (किती नायट्रस आणि पेट्रोल जाईल ते ठरवणारी बारीक छिद्रं) आधीच होते, तेच ठेवले. नोझल थ्रॉटल बॉडीच्या अलीकडच्या पाइपात, बाटली डिकीत आडवी. थ्रॉटल पूर्ण उघडला की सोलेनॉइड (नायट्रस सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) चालू करणारा एक स्विच आहे, बाकी काही नाही. प्लग आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) कंपनीचं तसंच.

ट्रॅकवर दोन खेपा मारल्या. सकाळची पहिली झकास गेली. नंतर गाडी तीन-चार तास उन्हात काचा लावून उभी होती. दुपारी दुसरी खेप मारताना दुसऱ्या गिअरमधून काढायला मला उशीर झाला, सुई लिमिटरवर (इंजिनाचा वेग ठरावीक आरपीएमवर रोखणारी सोय) टेकली आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. पाय लगेच काढला. तेव्हापासून आयडलिंगला इंजिन थरथरतंय.

घरी प्लग काढले. १, २, ४ नेहमीसारखे तपकिरी. ३ नंबरचं पांढरं चिनीमातीचं टोक खडूसारखं कोरडं आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे चकाकणारे ठिपके. नखाने खरवडलं तरी निघत नाहीत. हे काय आहे? २५चे जेट टाकून पुन्हा बघू का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ते ठिपके म्हणजे तुमच्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. वितळून उडालं आणि प्लगवर चिकटलं. इंजिन आता चालू करू नका. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. जेटचं मग बोलू.

प्रतिसाद:
बाटली आडवी ठेवली म्हणता, पण कशी? आत सायफनची नळी असते आणि तिचं टोक मागच्या बाजूला तळाशी जातं. व्हॉल्व्ह पुढे आणि थोडा वर, लेबल आकाशाकडे, अशीच बसवायची. नाहीतर द्रवाऐवजी नुसता वायू येतो. माझ्या मते गडबड तिथेच आहे.

प्रतिसाद:
वरच्यांचा मुद्दा बरोबर, पण तो या धाग्यातला नाही. वायू आला तर नायट्रस कमी पडतो, पेट्रोल तेवढंच येतं, म्हणजे गाडी रिच (पेट्रोल जास्त) होऊन रडते. इथे उलट झालंय, लीन, म्हणजे पेट्रोल कमी.

धागाकर्ता:
व्हॉल्व्ह पुढेच आहे. कॉम्प्रेशन पीएसआयमध्ये: १८५, १८०, १५०, १८०. कुठेतरी वाचलं होतं म्हणून ३ नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं, तर १७० आलं.

प्रतिसाद:
ऑइलने वाढलं म्हणजे व्हॉल्व्ह बहुधा ठीक आहेत, रिंगा किंवा पिस्टनची कड गेली.

आता का गेली ते. तुमच्या बाटलीला गेज नाही, खरं ना? नायट्रसचा दाब तापमानावर चालतो. २० अंशांना साधारण ७३० पीएसआय, ३० अंशांना ९०० च्या आसपास. ३६ अंशांच्या वर तर आत द्रव असा राहतच नाही, पुढे दाब किती चढेल ते बाटली किती भरलीय त्यावर. जेटचे तक्ते सहसा ९०० ते १००० धरून केलेले असतात. उन्हात बंद गाडीच्या डिकीत चार तास! सकाळी जे जेट बरोबर होते तेच दुपारी जास्त नायट्रस सोडत होते आणि पेट्रोल मात्र सकाळइतकंच.

त्यावर लिमिटर. बऱ्याच गाड्यांचा लिमिटर इंजेक्टर बंद करून आरपीएम रोखतो. किटचा सोलेनॉइड ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, गावीही नाही. थ्रॉटल उघडा, स्विच चालू, म्हणजे नोझल नायट्रस आणि आपल्या वाट्याचं पेट्रोल फवारतच राहिला, पण इंजिनाच्या नेहमीच्या हवेला लागणारं पेट्रोल गायब. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, नायट्रसमध्ये ३६. एवढ्या ऑक्सिजनमध्ये लीन मिश्रण पेटलं की तुमचा तो खड्यांचा आवाज. एक नोझल पाइपात असला की चार सिलिंडरांना वाटणीही सारखी होत नाही, म्हणून तिसराच गेला.

२५चे जेट टाकले असते तरी या दोन गोष्टी तशाच राहिल्या असत्या. ठरावीक आरपीएमच्या मधेच नायट्रस सोडणारा विंडो स्विच हवाच: ३००० आरपीएमच्या खाली चालू होऊ द्यायचा नाही आणि लिमिटरच्या ५०० आधी बंद. पेट्रोलचा दाब पडला की नायट्रस तोडणारा स्विच. बाटलीला गेज. प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. टायमिंग ५० हॉर्सपॉवरमागे दोन अंश मागे असा अंदाज धरतात, तुम्हाला दीड-दोन अंश पुरले असते. आणि वाइडबँड सेन्सर (मिश्रण रिच की लीन ते एक्झॉस्टमधून मोजणारा) नसताना पूर्ण थ्रॉटल म्हणजे डोळे मिटून जिना उतरणं.

प्रतिसाद:
एक राहिलं. हॅचबॅकची डिकी म्हणजे केबिनच. बाटलीची सेफ्टी डिस्क (दाब फार चढला की फुटणारी चकती) फुटली तर सगळा वायू तुमच्या मानेमागे. डिस्कपासून गाडीबाहेर जाणारी नळी काढा. गाड्यांच्या नायट्रसमध्ये कुणी हुंगू नये म्हणून थोडा सल्फर डायऑक्साइड घातलेला असतो. नुकत्या ओढलेल्या काडेपेटीचा वास आला की कुठेतरी गळतंय समजा. आणि जोडांना ग्रीस लावू नका.

धागाकर्ता:
गेज खरंच नव्हतं. दिलेल्याने काढून ठेवलं होतं, मी विचारलंही नाही. आज प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला. ३ नंबरच्या पिस्टनची एक्झॉस्टकडची कड उंदराने बिस्कीट कुरतडावं तशी दिसतेय. भिंतीवर उभे ओरखडे आहेत, दोनच. बाटली काढून सावलीत ठेवली, व्हॉल्व्ह बंद. हेड उतरवायचं ठरलं. एकच पिस्टन बदलू की चारही?

प्रतिसाद:
ओरखडा नखाला लागतो का ते हेड उतरल्यावर बघा. लागत असेल तर बोअर करावं (सिलिंडर कापून मोठं करावं) लागेल आणि मग ओव्हरसाइझ पिस्टन चारही. नाही लागला तर होनिंग करून (भिंत हलकी घासून) एकाच पिस्टनवर भागू शकतं, पण वजन बाकीच्या तिघांशी जुळवून घ्या. आणि पुन्हा नायट्रस लावणार असाल तर मशीनवाल्याला आधीच सांगा. रिंगांच्या टोकांमधला गॅप त्याला थोडा जास्त ठेवावा लागेल. तापून टोकं एकमेकांना भिडली की कड तुटते, आणि तुमची कड तशीच तुटली असायची शक्यताही आहे. जुनी रिंग टाकू नका, तिची टोकं चकचकीत झालीत का ते बघायचंय.