मदत हवी आहे: गोळ्या चालू आहेत, तरी भाऊ स्वतःलाच दोष देतो (सातारा)

आम्ही साताऱ्याजवळ राहतो. धाकटा भाऊ, वय २३. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीतून नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅम ही गोळी १० मिलिग्रॅम चालू आहे, तिसरा आठवडा. 'फरक नाही, बंद करतो' म्हणतो. दिवसभर पडून, 'मी कुणाच्या कामाचा नाही' एवढंच. वडील म्हणतात, मन घट्ट कर. काय करू?

प्रतिसाद १
ताई, गोळी बंद करू देऊ नका. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज सहा-आठ आठवड्यांनी येतो. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात होते. त्रास आधी आणि गुण मागून, म्हणून बरेच जण नेमकी इथेच सोडतात. एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवतात. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासलंय का, तेही डॉक्टरांना विचारा.

पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीला मरणाचे विचार वाढू शकतात. त्याला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेतीची औषधं आणि तणनाशक आजच घराबाहेर हलवा, गोळ्यांची पाकिटं तुमच्याकडे ठेवा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद २
वडिलांना ओपीडीत सोबत न्या. हा आजार आहे, आळस नव्हे, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातली बोलणी थांबतात. ती थांबल्याशिवाय पोरगं स्वतःला माफ करणार नाही.

उत्साह येण्याची वाट बघू नका. या आजारात काम आधी, उत्साह मागून. सकाळी ठरल्या वेळी तोंड धुऊन दहा मिनिटं अंगणात उजेडात बसणं, पहिला आठवडा एवढंच. वहीत आधीचं आणि नंतरचं मन ० ते १० मध्ये लिहायचं. दोनाचे तीन झाले तरी ते त्याच्याच हातचं असतं, आणि तिथूनच आशा धरते. घरचे चुकतात ते इथे: पहिल्याच दिवशी अजिंक्यताऱ्यावर चढवतात, पोरगं अर्ध्यातून परत येतं, 'बघ, हेही जमलं नाही.'

'तू हुशार आहेस' असं समजावू नका, त्याला पटत नाही. वाक्य तेवढं बदलायला लावा: 'आजारामुळे आज मला मी निकामी वाटतोय.'

धागाकर्ती
धन्यवाद. रात्री झोप उडते, गोळी सकाळी दिली तर चालेल?

प्रतिसाद १
झोप उडत असेल तर बहुतेक वेळा सकाळीच देतात. ओपीडीत विचारून बदला आणि बदलाच्या दिवशी डबल डोस होऊ देऊ नका.