नऊ वर्षांच्या मुलीसाठी विनोदी मराठी पुस्तकं?

प्रश्न: भाचीला नुकतीच वाचनाची गोडी लागलीय. हसवणारंच हवं म्हणते. जोडाक्षरांवर अजून अडखळते. काय देऊ?

प्रतिसाद १: दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, त्यामुळे मध्येच सोडली तरी धागा तुटत नाही. पहिली गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आली की पुस्तक तिच्या हातात द्या. घेण्याआधी मधलं एक पान तिला वाचू द्या. पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक सध्या शेजारी बसून वाचायचं.

प्रतिसाद २: चिं. वि. जोशींचा चिमणराव मात्र लगेच नको. पुस्तक अप्रतिम आहे, पण विनोद जुन्या पुण्याच्या चालीरीतींवर आणि लांब वाक्यांवर उभा आहे. प्रत्येक ओळ समजावत बसलं की हसू विरतं. बाराव्या-तेराव्या वर्षी द्या.

प्रतिसाद ३: द. मा. मिरासदारांची ‘व्यंकूची शिकवणी’ आताच वाचून दाखवा, संवाद आवाज बदलून! कानाला विनोदाचा ठेका आधी कळतो, डोळ्यांना नंतर. आणि तेच पुस्तक पाचव्यांदा मागितलं तर देत राहा, पाठ झालेल्या ओळींवरच जोडाक्षरं सुटतात.