गोवंश हत्याबंदी: म्हाताऱ्या बैलाचा खर्च कुणी सोसायचा?

भातखाचर (ठाणे)

गोवंश हत्याबंदीचा विषय निघाला की एकीकडून श्रद्धा आणि दुसरीकडून 'माझ्या ताटात काय ते मी ठरवणार' एवढंच ऐकू येतं. आमच्या सोसायटीत परवा हाच वाद रंगला होता. तावातावाने बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी गोठा नाही. आमचा आहे, मुरबाड तालुक्यात, भाऊ सांभाळतो. म्हणून हा धागा काढतोय.

आधी कायदा थोडक्यात. १९७६च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद केली होती. बैल आणि वळू मात्र निकामी झाल्याचा दाखला मिळाला तर कत्तलीला जाऊ शकत होते. १९९५ साली युती सरकारने विधिमंडळात दुरुस्ती मंजूर करून घेतली आणि तेही बंद केलं. ते विधेयक दिल्लीत पडून राहिलं, २०१५च्या सुरुवातीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि मार्चपासून कायदा लागू झाला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. नुसतं कापणंच नाही, कत्तलीसाठी विकणं, विकत घेणं, राज्याबाहेर नेणं, सगळंच गुन्हा.

आता गोठ्यात काय होतं ते सांगतो. पौषात म्हशाची जत्रा भरते, ठाणे जिल्ह्यातला जुना आणि मोठा बैलबाजार. व्यवहार अजूनही हातावर रुमाल टाकून, बोटांच्या खुणांनी होतो. बैलाचा ओठ वर करून दात मोजतात. चार दाती, सहा दाती जोडीभोवती गिऱ्हाइकं उभी राहतात. दात झिजलेल्या, खांद्याला गाठ आलेल्या बैलाचा कासरा धरून म्हातारा शेतकरी दिवसभर उन्हात बसतो आणि संध्याकाळी तोच बैल घेऊन घरी जातो. पूर्वी जुन्या जोडीचे जे येतील त्यात थोडी भर घालून नवी जोडी यायची. आता जुनी विकत नाही, नवीला पैसे नाहीत, आणि जुनी रोज पेंढा मागते. भाताचा पेंढा फुकट मिळतो असं शहरात वाटतं. एक एकर खाचर असलेल्या माणसाकडे तो दुभत्या म्हशीलाही वर्षभर पुरत नाही.

सरकारने ३० सप्टेंबर २०२४ला देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि गोशाळांना दर देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. म्हणजे एक जनावर पोसायला खर्च येतो हे सरकारला मान्य आहे. मग शेतकऱ्याच्या दावणीला उभ्या असलेल्या बैलाचा तो खर्च का धरला नाही?

माझं म्हणणं एवढंच: एक तर ठरावीक वयानंतरचा बैल दाखल्यावर विकायची जुनी मोकळीक परत द्या, नाही तर सरकारने तो बैल शेतकऱ्याकडून बाजारभावाने विकत घ्यावा. श्रद्धा सगळ्या राज्याची आणि बिल अल्पभूधारकाच्या नावावर, हे मला मान्य नाही.

नौपाड्याचा_वकील

मी या कायद्याच्या बाजूचा आहे आणि का ते नीट सांगतो.

पहिलं म्हणजे हा कुणाच्या लहरीतून आलेला कायदा नाही. घटनेचं कलम ४८ गाई, वासरं आणि दुभती व ओढकामाची जनावरं यांच्या कत्तलीला मनाई करण्यासाठी राज्याने पावलं उचलावीत असं सांगतं. १९५८च्या कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की निकामी बैलांवर सरसकट बंदी वाजवी नाही. पण २००५ साली गुजरातच्या मिर्झापूर खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ती भूमिका बदलली. म्हातारा बैलसुद्धा शेणखत देतो, तो निकामी नसतो, असं त्या निकालात आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही ६ मे २०१६ला आपल्या राज्यातली कत्तलबंदी वैध ठरवली.

दुसरं, मनातलं. ज्या जनावराने बारा-पंधरा वर्षं नांगर ओढला, पोळ्याला ज्याच्या पायांवर डोकं ठेवलं, त्याला शेवटी सुरीखाली द्यायचं, हे समाज म्हणून आपण नाकारू शकतो. विधिमंडळ कशासाठी असतं? माझ्या दृष्टीने हा खर्चाचा प्रश्नच नाही. म्हाताऱ्या माणसाचा खर्च कुणी सोसायचा असं आपण विचारत नाही.

भातखाचर

वकीलसाहेब, म्हाताऱ्या माणसाला सरकार निराधार योजनेत पैसे देतं. कमी असतील, पण देतं. मी तेवढंच मागतोय. आणि शेणखताबद्दल म्हणाल तर तीन एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला एका बैलाच्या शेणातून त्याच्या वैरणीचा खर्च निघतो असा हिशोब मला कुणी कागदावर मांडून दाखवावा. न्यायमूर्तींचा मान राखून सांगतो, आमच्या भावाच्या वहीत तो निघत नाही.

कौसेकर

मुंब्र्याहून लिहितोय. आमच्या घरी तीन पिढ्या म्हशीचा धंदा आहे. म्हैस या बंदीत नाही, हे इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल. पण रस्त्यावर टेम्पो अडवणाऱ्या पोरांना ते ऐकून घ्यायचं नसतं. बाजार समितीची पावती, डॉक्टरांचा दाखला, वाहतुकीचा परवाना सगळं हातात असतं, तरी गाडी उतरवून घेतात, जनावरं गोशाळेत जातात आणि कोर्टात सुटेपर्यंत महिने जातात. तोवर सांभाळायचा खर्चही आमच्याच माथी.

ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या एक्सप्रेसमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका वृद्धाला गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. कल्याणला लेकीकडे निघाले होते. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, गुन्हा ठाणे रेल्वे पोलिसांकडे दाखल झाला. त्यांच्या वयाचे माझे वडील आहेत. त्यानंतर किती तरी दिवस आम्ही त्यांना डबा घेऊन लोकलमध्ये बसू दिलं नाही. डब्यात काय आहे हा प्रश्नच नव्हता.

वकीलसाहेबांनी २०१६च्या निकालातला अर्धा भाग सांगितला. त्याच निकालात परराज्यात कापलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं ५ ड कलम रद्द झालं आणि निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करावं असं सांगणारं ९ ब कलमही रद्द झालं. माणूस घरात काय खातो यात सरकारने डोकावू नये, असा त्याचा अर्थ. तोही वाचा.

आणखी एक. घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये घटनेच्या या गोरक्षणाच्या कलमावर (आजचं ४८) चर्चा झाली तेव्हा तिथले मुस्लिम सदस्य झेड. एच. लारी यांनी सांगितलं होतं की बहुसंख्याकांना गोहत्या बंद करायची असेल तर तसं स्पष्ट लिहा, मोघम ठेवू नका, म्हणजे आम्ही कुठे उभे आहोत ते आम्हाला कळेल. आज मीही तेच म्हणतो. शेतीच्या नावाखाली नको. काय ते उघड सांगा.

पनवेलचा_गाडामालक

आमच्याकडे बैल वाचवला तो बैलगाडा शर्यतीने. २०१७ला विधिमंडळाने शर्यतींना मोकळीक देणारा कायदा केला, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, तेव्हापासून खिल्लारला पुन्हा भाव आला. पळणाऱ्या खोंडाची किंमत विचारू नका. मालक स्वतः उपाशी राहील पण बैलाला खुराक देईल. बंदी उठवायची भाषा करू नका, बैलाला काम द्या.

मीना_कोपरखैरणे

गाडामालक दादा, पळणारा बैल हजारात एखादा. बाकीच्यांचं काय?

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, घरी संकरित गाई आहेत. इथे सगळे बैलाबद्दल बोलतायत, पण खरी अडचण गोऱ्ह्याची, म्हणजे नर वासराची आहे. होल्स्टीन गाईला गोऱ्हा झाला की घरात कुणाचंच तोंड उजळत नाही. त्याला वशिंड नाही, जू बसत नाही, ऊन सोसत नाही, औताला कामाचा नाही. कुणी विकत घेत नाही. त्याला दूध पाजायचं म्हणजे रोज डेअरीत घालायच्या दुधातून कापायचं. मग लोक काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय: पाजणं बंद करतात, किंवा रात्री हायवेच्या कडेला सोडून येतात. सुरीने मेला नाही म्हणून तो सुखाने मेला असं नाही हो.

वहिनीने आता गाय गाभण करायला लिंगनिश्चित रेतनाच्या (निवडक वीर्याच्या) कांड्या वापरायला सुरुवात केलीय, त्यात बहुतेक कालवडीच होतात. पण साध्या कांडीपेक्षा महाग, आणि गाय पहिल्या खेपेला गाभण राहीलच असं नाही. सरकारने बंदी घातली त्याच दिवशी ही कांडी गावोगाव फुकट द्यायला हवी होती. ते दहा वर्षं कुणाला सुचलं नाही, याचा मला संताप येतो.

सावरकरनगरकर

भातखाचर, तुमचा रोख सरळ एका पक्षावर आहे म्हणून विचारतो. १९९९ ते २०१४ राज्यात आघाडीचं सरकार होतं. त्यांनी हे विधेयक मागे का घेतलं नाही? २०१९ ते २०२२ महाविकास आघाडी होती. कायद्यातली एक ओळ तरी बदलली का? ज्यांना शेतकऱ्याचा एवढा पुळका आहे त्यांनी सत्तेत असताना काही केलं नाही, कारण हा कायदा लोकांना हवा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. निवडणुकीत जिंकलेल्यांनी आपला शब्द पाळला, त्याला तुम्ही लादणं कसं म्हणता?

भातखाचर

तुमचं हे म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. ज्यांनी नुसती भाषणं केली आणि कायद्याला हात लावला नाही त्यांच्यावर माझा रागच आहे. उलट सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे सदाभाऊ खोत २०२५ मध्ये या कायद्याने शेतकऱ्याचं नुकसान होतंय असं उघड बोलले, त्याचं मला कौतुक वाटतं. त्याच वर्षी जनावरांच्या खरेदीत आणि मांसाच्या धंद्यात असलेल्या कुरेशी समाजाने बऱ्याच जिल्ह्यांत खरेदी थांबवली आणि आठवडी बाजार ओस पडले. म्हशीचे भावसुद्धा कोसळले. बकरी ईदच्या आधी ३ ते ८ जून जनावरांचे बाजार भरवू नका असं पत्र राज्याच्या गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पाठवलं होतं. त्या आठवड्यात शेळ्या-बोकड विकायला आणणारे कोण होते? आमच्यासारखेच शेतकरी, वर्षभर त्या बाजाराकडे डोळे लावून बसलेले.

आणि गोवंश वाढला म्हणावं तर तसंही नाही. २०१२च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १.५५ कोटी गोवंश होता, २०१९ला १.४० कोटी. जिथे अशी बंदी नाही त्या पश्चिम बंगालमध्ये त्याच काळात तो १५ टक्क्यांनी वाढला. जनावराला शेवटी काही किंमत येते तिथेच माणूस ते पाळतो.

नौपाड्याचा_वकील

आकडे अर्धवट आहेत. त्याच २०१९च्या गणनेत देशभरात नर गोवंश ३० टक्क्यांनी घटला आणि मादी १० टक्क्यांनी वाढली. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आला म्हणून बैल गेला. मुरबाडमध्येही नांगरणीला टिलरच फिरतो ना? त्याचं खापर कायद्यावर फोडू नका.

मात्र मीनाताईंनी लिहिलेलं वाचून मी थांबलो. गोऱ्हा उपाशी मारणं ही माझ्या लेखी कत्तलच आहे. रेतनाची कांडी फुकट आणि गोशाळेचं अनुदान शेतकऱ्याच्या दावणीपर्यंत, बैलालाही, या दोन मागण्यांवर मी सही करायला तयार आहे. कौसेकर, कागदपत्रं पुरी असताना गाडी अडवणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा, यालाही माझा पाठिंबा आहे. तो अधिकार पोलिसांचा आहे, गल्लीतल्या मंडळाचा नाही.

पण वयाचा दाखला घेऊन बैल पुन्हा कत्तलीला सोडायचा, याला मी विरोध करणार. पुढच्या अधिवेशनाआधी तुम्ही आमदारांना निवेदन देणार असाल तर ते कलम त्यात नको.

भातखाचर

ते कलम राहणार. अनुदान तीन महिने आलं नाही तर भावाने बैलाला काय घालायचं, याचं उत्तर त्या कलमातच आहे. बाकी दोन मागण्यांवर तुमची सही घेतो, वेगळ्या कागदावर.

कौसेकर

गाड्यांची मागणीही त्या दुसऱ्या कागदावर लिहा. आमच्याकडून सह्या मी गोळा करतो.