मदत हवी आहे: गावठाणातलं घर, हातात फक्त नमुना 8 (ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा). विकत घ्यावं की आधी भाड्याने राहावं?

पुरंदर तालुक्यात गावठाणातलं जुनं घर विक्रीला आहे. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत) आणि त्यावर पत्रा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर 640 चौ. फूट क्षेत्र आहे. मालकाच्या रकान्यात वारलेल्या आजोबांचं नाव, भोगवटादार (प्रत्यक्ष ताबा असलेला) म्हणून त्यांच्या धाकट्या मुलाचं. घरपट्टी भरलेली आहे, वीजमीटर थोरल्या भावाच्या नावावर आहे. दोन बहिणी आहेत, सासरी असतात. धाकट्याचं म्हणणं, "उताऱ्यावर मीच आहे, सही माझी एकट्याची पुरेल." मिळकत पत्रिका (भूमी अभिलेख खात्याचं प्रॉपर्टी कार्ड) अजून दाखवलेली नाही. हवं तर आधी 11 महिने भाड्याने राहा म्हणतात: भाडं 3,000, अनामत 15,000. खरेदीखत या उताऱ्यावर होईल का? कर्ज मिळेल का? भाडेकरारात काय लिहून घ्यावं?

प्रतिसाद 1

नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढंच ती सांगते, मालकी सिद्ध करत नाही. (तलाठ्याकडचा 8अ वेगळा, तो शेतजमिनीचा खाते उतारा. दोन्हींची गल्लत फार होते.) दुय्यम निबंधक (दस्त नोंदणी अधिकारी) नमुना 8 आणि चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी) पाहून दस्त नोंदवतीलही, पण दस्त नोंदला म्हणजे विकणाऱ्याकडे नसलेला हक्क तुमच्याकडे येत नाही.

आधी सासवडच्या भूमी अभिलेख कार्यालयात जा. राज्यात ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग याच तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता, त्यामुळे तुमच्या गावची मोजणी झाली आहे का हे तिथे लगेच कळेल. झाली असेल तर मिळकत पत्रिकेबरोबर चौकशी नोंदवहीची नक्कलही मागा. मोजणीच्या वेळी त्या जागेवर कोणी हक्क सांगितला, कोणी हरकत घेतली, हे तिच्यात असतं. पत्रिका निघालेली असून ती दाखवत नसतील, तर तिच्यावर बहुधा सगळ्या भावंडांची नावं असतील.

बहिणींचा विषय अजिबात सोडू नका. वारस म्हणून त्यांचा वाटा आहेच. शिवाय वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. साध्या स्टँपवरची 'हरकत नाही' पुरत नाही. एक तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर चारही भावंडं खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून हवीत. दुसरा मार्ग जास्त सुटसुटीत आहे. कोणी वारलं असेल तर त्यांचे वारस येतील.

प्रतिसाद 2

कर्जाचं सांगतो. राष्ट्रीयीकृत बँका सहसा मिळकत पत्रिका आणि मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल मागतात. नमुना 8 वर पतसंस्था देतात, पण रक्कम कमी आणि व्याज जास्त.

घर खरंच गावठाणात आहे का, हेही बघा. नमुना 8 गटातल्या, म्हणजे शेतजमिनीवरच्या, घराचाही निघतो. उताऱ्यावर गट नंबर असेल तर जागा बिनशेती झाल्याचा कागद मागा. नाहीतर ती कागदावर शेतजमीनच राहते आणि शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही.

640 चौ. फूट स्वतः टेप धरून मोजा. ओटा आणि पुढचं अंगण नमुना 8 मध्ये धरलेलं असतं आणि मोजणीत ते रस्त्यात किंवा सामाईक जागेत गेलेलं असतं. शेजारच्या घराशी भिंत सामाईक आहे का, पागोळ्यांचं पाणी कोणाच्या जागेत पडतं, मागच्या दाराची वहिवाट कुठून, हे चतुःसीमेत शब्दांत लिहून घ्या. पाडून नवं बांधायला काढलं की भावकीचं भांडण याच तीन गोष्टींवरून उभं राहतं.

प्रतिसाद 3

माझं मत: आधी भाड्याने राहा, एक पावसाळा काढा. 2011 च्या जनगणनेत देशातली 94.7 टक्के ग्रामीण कुटुंबं स्वतःच्या घरात होती, भाड्याने फक्त 3.4 टक्के. त्यामुळे गावात भाड्याचा ठरलेला दर नसतो, 3,000 वर बोलणी होऊ शकतात.

करार नोंदवाच. ग्रामीण भागात नोंदणी शुल्क 500 रुपये. मुद्रांक 0.25 टक्के, तोही एकूण भाडं अधिक अनामतीवरचं 10 टक्के व्याज एवढ्या रकमेवर, म्हणजे किरकोळच. माळवदाची आणि पत्र्याची दुरुस्ती भाड्यातून वळती होईल, हे रकमेची मर्यादा घालून लिहा. मीटर थोरल्याच्या नावावर आहे, तेव्हा त्यांचीही संमती म्हणून सही घ्या. पुढच्या खरेदीचा विसार (आगाऊ रक्कम) या करारात मुळीच घालू नका. विसारपावती वेगळी करा, तीही सगळ्या वारसांच्या सह्या झाल्यावरच.

राहायला जाण्याआधी तुळया तपासा. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे ओल धरते आणि वाळवी आतून पोखरते, बाहेरून लाकूड धडधाकट दिसतं. त्या टोकावर हातोडी ठोका. बद्द आवाज आला तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत गेला तर वरच्या मातीचं वजन उतरवल्याशिवाय त्या खणात (दोन तुळयांमधल्या भागात) झोपू नका.