आधी ब्रेकचे होसेस बदला, मग कॅलिपर

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे ब्रेक सुधारायला चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) आणि व्हेंटेड, म्हणजे आतून हवा खेळणाऱ्या डिस्क बसवा, असा सल्ला दिला जातो; तो मला घाईचा वाटतो. मूळच्या पुढच्या डिस्क रस्त्यावर चालवायला पुरेशा आहेत. ब्रेक कमी लागतात ते बहुतेकदा भागांच्या वयामुळे.

पुढचं चाक जॅकवर उचला, पेडल दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड फिरतंय? मग ब्लीड निपल (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होस आतून फुगलाय, प्रेशर परत जात नाहीये. तरीही जडच राहिलं, तर पिस्टन गंजून अडकलाय. दोन्ही दुरुस्त्या नव्या किटच्या मानाने स्वस्तच.

खरा खर्च करायचाच असेल तर ड्युअल सर्किट मास्टर सिलिंडरवर करा, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल दोन वेगळ्या मार्गांनी ढकलणाऱ्या सिलिंडरवर. जुन्या एमजीबीत एकच सर्किट असतं, म्हणजे एक होस फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले! अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांत १९६८ च्या मॉडेलपासून ड्युअल सर्किट आलं, ते उगाच नाही.

सर्व्होने (पेडलच्या जोराला मदत करणारा भाग) पाय हलका होतो, थांबण्याचं अंतर कमी होत नाही. आणि कृपा करून डॉट ४ ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचं डॉट ५ मिसळू नका.