कुमसार (फादरपुढे पापांची कबुली) झालं, पण दुकानावरची पाटी तीच. चालतं का?

काजूवाला: मी मूळचा सावंतवाडीचा ख्रिस्ती. शाळा मराठीत झाली म्हणून इथे लिहितोय. म्हापशात छोटं दुकान आहे. सहा वर्षं आफ्रिकेच्या बियांचा गर 'अस्सल गोव्याचे काजू' म्हणून विकला. २०२३ साली गोव्याच्या काजूगराला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पाटीवर 'मानांकित' शब्दही चढवला. माल तोच. यंदा उपवासकाळात कुमसाराला गेलो आणि सगळं सांगितलं. फादरनी पापक्षमा दिली, वर विचारलं, "उद्या दुकान उघडशील तेव्हा पाटीवर काय असेल?" उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय पुन्हा वाचला. जकातदारांचा मुख्य. स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच मोशेचं नियमशास्त्र सांगतं. हा मात्र ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो म्हणाला. माझं मत झालंय की पैसे परत केल्याशिवाय माझं कुमसार अर्धंच. पण दिल्ली-सुरतची गिऱ्हाईकं आता कुठे शोधू?

कळंगुटकर: अहो, कुणाचं पोट बिघडलं का तुमचा गर खाऊन? पर्यटक चव बघतो, घासाघीस करतो, मग घेतो. शेजारच्या दुकानांवर ह्याच पाट्या आहेत. तुम्ही एकट्याने उतरवलीत तर भाडं काय जक्कय भरणार? देवाने क्षमा केली, विषय मिटला. उगाच जखम कुरतडत बसू नका.

वाळपईची: कळंगुटकर, नुकसान फक्त पर्यटकाचं झालं असं कोणी सांगितलं? आमची डोंगरावर काजूची बाग आहे. आई उन्हात वाकून बोंडं गोळा करते, बी पिळून काढते, वाळवते. विकायला नेलं की व्यापारी म्हणतो, बाहेरची बी स्वस्त पडते, ह्याच भावात द्यायची तर द्या. बाहेरची बी गोव्याच्या नावाने खपली की आमच्या नावाला काय किंमत उरली? कोणाला परत करायचं विचारता ना? आम्हीही त्यात आहोत.

काजूवाला: खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मांडवीकाठ: मला ही सगळी ताणाताण वाटते. खरेपणाचा एवढाच हट्ट असेल तर आपल्या संत जुझे वाझांचं काय? बाणावलीचा पाद्री, १६८७ साली भिकाऱ्याच्या वेषात श्रीलंकेत जाफन्याला पोचला. तिथे डच लोकांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती म्हणून. म्हणजे वेष बदलून फसवलंच ना? तरी २०१५ मध्ये त्यांना संतपद दिलं. परिस्थिती बघून वागावंच लागतं.

जुना मास्तर: मांडवीकाठ, उदाहरण चांगलं काढलंत, पण ते तुमच्याच अंगावर येतं. त्या वेषाने वाझांना मिळालं काय? आजारपण, उपास, पुढे कँडीला पोर्तुगीज हेर समजून कैद. छळणाऱ्यापासून स्वतःला लपवणं एक आणि विश्वासाने पैसे मोजणाऱ्याला भलताच माल देणं दुसरं. (संत ऑगस्टीनला मात्र कुठलंच खोटं मान्य नव्हतं, जीव वाचवायला बोललेलंसुद्धा. तिथे मी त्याच्यासोबत नाही.)

काजूवाले, चर्चची जुनी शिकवण अशी की ज्याचं घेतलं तो सापडत नसेल तर तेवढं गरिबांना द्यावं. वाळपईच्या बाईंचं म्हणणं धरलंत तर तुम्हाला लांब जायला नको. गावठी बी तिच्या भावाने घ्या.

कळंगुटकर: म्हणजे महाग माल, कमी गिऱ्हाईक. मास्तर, तुम्हाला पेन्शन आहे, म्हणून बोलता.

जुना मास्तर: आहे. ते मान्य.

काजूवाला: काल पाटी उतरवली. आता दोन डबे ठेवलेत, 'आफ्रिकेचा गर' आणि 'गावठी', भाव वेगळे. दुसरा डबा सध्या रिकामाच आहे. पुण्याचं एक कुटुंब डब्यांवरची नावं वाचून पुढच्या दुकानात गेलं. तिथल्या मालाचं मला माहीत आहे, कारण घाऊकवाला एकच. बायको दिवसभर बोललेली नाही. सहा वर्षांचा हिशेब वहीत मांडायला घेतलाय. चौपट जमणार नाही, पाचवा हिस्सा तरी जमतो का बघतो.

वाळपईची: बी अजून दोन पोती आहे. भाव फोनवर नको, येऊन बघा.

कळंगुटकर: बघा, आता ही पण धंद्याला लागली!